लग्नाची वही कोणी ठेवली?

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे बांधून ठेवलेली गाठोडी सुटू लागली. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी निजामकाळच्या कागदांतून ‘कुणबी’ अशी नोंद शोधून काढायची होती. धाराशिव जिल्ह्यातही तहसिलांपासून शाळांपर्यंत दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज लागली. या शोधात कोणकोणते कागद धुंडाळले गेले ते पाहण्यासारखे आहे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळांची नोंदवही, गाव नमुना चौदामधले जन्म-मृत्यू, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदी, खरेदीखते, दत्तकपत्रे, इतकेच काय, ताडीच्या परवान्यांची वहीसुद्धा. शंभर वर्षांपूर्वी या मुलखात ताडी कोण विकत होते, हे सरकारी कागदावरून आजही सांगता येऊ शकते. त्याच वर्षी त्याच गावात कोणाचे लग्न कोणाशी लागले, हे मात्र बहुतेक घरांबाबत सांगता येत नाही. हिंदूंच्या लग्नाची सरकारी वही निजामाच्या राज्यात नव्हतीच.

ही उणीव अशिक्षितपणामुळे राहिली, असे मानण्याची सवय आहे. मला ते पटत नाही. जे राज्य शेताचा बांध, विहिरीचे पाणी आणि ताडीचा मक्ता लिहून ठेवते, त्याला लिहिता येत नव्हते असे म्हणता येणार नाही. कागद तिथेच तयार होतो आणि तिथेच टिकतो, जिथे त्यावर कोणाचे तरी देणे-घेणे अडकलेले असते. धाराशिवच्या लग्नांचा इतिहास या दृष्टीने वाचला तर दोन गोष्टी दिसतात. लग्नावर जेव्हा जेव्हा पैसा अडकला, तेव्हा तेव्हा लग्न कागदावर आले. आणि लग्न झालेल्या बाईचा हक्क त्यावर अडकायला विसावे शतक संपत यावे लागले, म्हणून तिचा कागद सर्वांत उशिरा आला.

सुरुवात जुन्या मराठी दप्तरांपासून करता येते. मराठी अंमलात लग्नाची नोंद सापडते ती करांच्या यादीत. लग्नपट्टी आणि पाटदाम हे कर होते. लग्नपट्टी मांडवावर आणि पाटदाम विधवेच्या पाटावर. गावच्या जोशाला लग्न लावण्याचा वतनी हक्क होता, आणि तो हक्क दुसऱ्याने डावलला की तंटा उभा राहून कागद होई. पाटलाच्या वतनपत्रात लग्नातले मान तपशिलाने लिहिलेले असत, कारण मान हे वतनाचे अंग होते. म्हणजे त्या काळातही लग्नाविषयी लेखन भरपूर आहे, पण त्यात नवरा-नवरी क्वचितच आहेत. आहेत ते जोशी, पाटील आणि कर वसूल करणारा कमाविसदार. जोशाच्या हक्काचा हा तंटा इंग्रजी अमलातही मिटला नाही. पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह झाला. पुढे जुन्नर भागात, ओतूरला, अशीच भटजीवाचून लग्ने लागली तेव्हा तिथल्या जोशांनी आपल्या दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्ट गाठले आणि मुंबई उच्च न्यायालयापर्यंत मजल मारली. लग्न झाले की नाही, हा त्या वादाचा मुद्दा नव्हताच. पैसा कोणाचा बुडाला, हा होता.

धाराशिवच्या मुलखावर इंग्रजी कारभाराची छाया फक्त काही वर्षे पडली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर नळदुर्गाचा प्रदेशही कंपनीच्या हवाली केला, आणि त्याची व्यवस्था मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आली. टेलरने इथे जमिनीच्या मोजणीचे काम हाती घेतले. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्याने ‘तारा’ ही कादंबरीही लिहिली, आणि तिची नायिका आहे एक ब्राह्मण बालविधवा. इथल्या बायकांचे लग्न कोणत्या वयात होते आणि ते मोडून पडले की काय होते, हे त्या अधिकाऱ्याला चांगले ठाऊक होते. पण मोजणी झाली ती जमिनीची. १८६० मध्ये हा प्रदेश पुन्हा निजामाकडे गेला. निजामाचा दिवाण सालारजंग याच्या सुधारणांत जिल्हाबंदी झाली, महसुलाची दप्तरे सुधारली. लग्न पुन्हा गावावर सोडले गेले.

इथे एक अपवाद आहे, आणि माझ्या मुद्द्याला त्याचे वजन फार आहे. परंडा, नळदुर्ग, धाराशिव अशा जुन्या कसब्यांत काझी होते. काझीचे पद पिढीजात चालत असे, त्याला इनाम असे, आणि निकाह लावल्यावर तो लिहून ठेवणे हा त्याच्या कामाचा भाग होता. त्या लेखाला हैदराबादेकडे सियाहा म्हणतात. त्यात वर-वधू, वकील आणि गवाह यांच्याबरोबर मेहरची रक्कम लिहिलेली असते. मेहर हा बायकोचा नवऱ्यावरचा हक्क, तो तिने मागितला तर द्यावा लागतो, म्हणून लिहून ठेवावा लागतो. परिणाम असा की निजामाच्या राज्यातल्या गरीब मुसलमान विणकराच्या मुलीच्या लग्नाचा कागद असू शकत होता, आणि शेजारच्या पाटलाच्या मुलीच्या लग्नाचा नसे. साक्षरता किंवा श्रीमंती यांनी हा फरक समजत नाही. एकीच्या हक्काची रक्कम ठरलेली होती, दुसरीची नव्हती, एवढेच त्याचे कारण.

हिंदू घरांत कागद अजिबात नव्हता असे मात्र नाही. याद होती. सोयरिक ठरली, सुपारी फुटली की दोन्हीकडची कारभारी माणसे बसत आणि एका लांबट कागदावर वर ‘श्री’ लिहून यादी करत. हुंडा किती, सोने किती तोळे, मांडवखर्च कोणाचा, वऱ्हाडाची ने-आण कोणाची, कोणत्या पाहुण्याला कोणता पोशाख. खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे. वधूची सही त्यावर नसे. वराचीही पुष्कळदा नसे. लग्न लागल्यावर आणखी एक वही निघे, आहेराची, आणि ती तर पिढ्यानपिढ्या जपली जाई, कारण आलेला आहेर परत करायचा असतो. म्हणजे घरानेही तेच केले जे राज्याने केले. देणे-घेणे लिहिले, माणसे लिहिली नाहीत. नवरीचे नवे नाव मात्र लिहिले जात असे, ते ताटातल्या तांदळावर, अंगठीने. ते ताट हलले की तिचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांना जोडणारा एकमेव लेख पुसला जाई. १९८५ मध्ये हुंडाबंदी कायद्याखाली भेटवस्तूंच्या यादीचे नियम झाले. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने स्वतः ठेवावी आणि तिच्यावर वर-वधू दोघांच्या सह्या असाव्यात, असे त्यात आहे. जुन्या यादीत जी जागा कोरी होती ती या नियमाने भरली, पण कागदावरच. अशी यादी प्रत्यक्षात करणारी घरे फारच थोडी.

ब्रिटिश मुलखात तरी काय होते? १८८६ च्या कायद्याच्या नावातच जन्म, मृत्यू आणि विवाह असे तिन्ही शब्द होते. पण त्यातला विवाह म्हणजे मुख्यतः ख्रिस्ती, पारशी आणि १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखालची मोजकी लग्ने. त्यामुळे मुंबई इलाख्यातल्या एखाद्या इंग्रज शिपायाच्या लग्नाची नोंद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडू शकते, आणि बार्शीच्या व्यापाऱ्याच्या लग्नाची बार्शीतही सापडत नाही. १९२९ चा शारदा कायदा आला तेव्हा तो फक्त ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा. कायदा लागू होण्याआधी देशभर लगीनघाई उडाली, आणि लागू झाल्यावर ब्रिटिश हद्दीतली माणसे संस्थानी किंवा फ्रेंच हद्दीत जाऊन लहान मुलांची लग्ने उरकू लागली. सोलापूर आणि बार्शी ब्रिटिशांची, तुळजापूर आणि परंडा निजामाचे. बैलगाडीने एका दिवसात हद्द बदलत असे आणि हद्दीबरोबर कायदाही. नोंद ठेवणारे कोणी नसेल तर वयाची अट कशी पोकळ ठरते, याचा हा धडा पुढे पुन्हा गिरवावा लागणार होता.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाईने निजामाचे राज्य संपले. मुंबई राज्याने १९५३ मध्ये विवाह नोंदणीचा कायदा केला तेव्हा हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. तो १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबईत आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मधल्या काळात १९५४ चा विशेष विवाह कायदा आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा झाला होता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ मध्ये नोंदवहीची तरतूद आहे, ती वही पाहायला खुली असते, तिचा उतारा पुरावा म्हणून चालतो. पण त्याच कलमात असेही आहे की नोंद नसली म्हणून लग्नाला बाध येत नाही. या सवलतीमागचा हेतू चांगला होता. खेड्यातले लाखो संसार एका कलमाने बेकायदा ठरू नयेत, हे योग्यच. परंतु सवलतीचा फायदा कोणाला झाला हे पाहायचे तर महाराष्ट्रातलाच १९६५ चा भाऊराव लोखंडे खटला पाहावा. पहिली बायको असताना १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केल्याबद्दल लोखंडे यांना खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नव्हते, म्हणून कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हते. या निकालाने पहिलीला न्याय मिळाला नाही आणि दुसरीला बायकोपण मिळाले नाही. मांडवात सगळा गाव हजर असला तरी कोर्टात सिद्ध करता येईल असा पुरावा त्या हजेरीतून तयार होत नाही.

इथे पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप विचारात घ्यावा लागतो. गावाला ठाऊक असते, कागद कशाला? न्यायालयेही दीर्घ सहवासावरून विवाह झाल्याचे गृहीत धरतात, १९७८ च्या बद्रीप्रसाद खटल्यात पन्नास वर्षांच्या सहवासाला तसेच मानले गेले. आक्षेपात तथ्य आहे, आणि गाव शाबूत असते तोवर तो टिकतोही. पण गाव शाबूत राहीलच, असे कोणी सांगावे? भारत सरकारने जुलै १९९३ मध्ये स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला तेव्हा विवाह नोंदणीच्या कलमापुढे एक निवेदन जोडले. तत्त्व मान्य आहे, पण इतक्या विविध चालीरीतींच्या आणि अशा साक्षरतेच्या विशाल देशात सक्तीची नोंदणी व्यवहार्य नाही, असा त्याचा आशय. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, लातूर आणि उस्मानाबाद (म्हणजे आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीबरोबर तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर आणि आजूबाजूची गावे कोसळली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. जिथे नवरा गेला, सासू-सासरे गेले, शेजारी गेले, याद आणि आहेराची वही मातीखाली गेली, तिथे ‘गावाला ठाऊक आहे’ या वाक्याचा आधारच उरत नाही. वारस कोण, हा प्रश्न अशा वेळी नेमका त्याच बाईपुढे उभा राहतो जिच्याकडे दाखवायला काही नसते.

भूकंप हे टोकाचे उदाहरण झाले, असे म्हणता येईल. मग रोजचे घ्या. धाराशिव हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला जिल्हा आहे. नवऱ्यामागे जमीन नावावर करायची तर वारस फेरफार लागतो, आणि तो करताना सासरचे विरोधात असतील तर ‘ही लग्नाची बायको’ हे दाखवावे लागते. महिला किसान अधिकार मंच म्हणजे मकाम या संघटनेने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ विधवांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के जणींच्या नावावर शेतजमीन झालेली नव्हती. याला केवळ विवाहाचा कागद नसणे हे कारण नाही, घरातली सत्ता हे मोठे कारण आहे. पण सत्तेपुढे उभे राहताना हातात कागद असणे आणि नसणे यात फरक पडतो. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या प्रकरणात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले, त्यामागे पोटगी, राहण्याचा हक्क आणि विधवेचा वारसा यांचाच विचार होता.

महाराष्ट्राने तोवर एक पाऊल टाकलेले होते, आणि धाराशिवपुरते ते या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे असे मी मानतो. १९९८ चा विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी कायदा १९५३ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. त्याने नोंदवही गावात आणली. खेड्यात ग्रामसेवक हाच विवाह निबंधक झाला. त्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नव्वद दिवसांत ज्ञापन द्यायचे, त्यावर वराची सही, वधूची सही, तीन साक्षीदारांच्या सह्या, लग्न लावणाऱ्याचे नाव. भूम किंवा वाशी तालुक्यातल्या बाईला त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची गरज उरली नाही. याद लिहिणाऱ्यांनी जिची सही कधी मागितली नव्हती, तिची सही गावच्या चावडीवरच्या कागदाने मागितली.

दुसरा आक्षेप विद्वानांचा आहे. कागदाने लग्न होत नाही. खरे आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या डॉली राणी प्रकरणात ते स्पष्ट केले. विधी न करता केवळ प्रमाणपत्र मिळवले तर तो हिंदू विवाह ठरत नाही. पण त्यावरून नोंदणी दुय्यम आहे असा निष्कर्ष काढणे चूक आहे. खरेदीखताने जमीन निर्माण होत नाही, तरी कोणी ते निकामी समजत नाही. जिथे लग्नाच्या नोंदीला मालमत्तेचा थेट आधार आहे तिथे काय होते हे गोव्यात दिसते. पोर्तुगीज काळापासून तिथे सिव्हिल रजिस्ट्रारपुढे दोनदा सही करावी लागते, आधी इराद्याची आणि मध्ये मुदत सोडून विवाहाची. वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. तिथल्या माणसाला नोंदणीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही, कारण अर्धे घर त्या सहीवर उभे असते.

विवाहाआधी सरकारी परवाना घेण्याची पद्धत आपल्याकडे नाही. गोव्यातली इराद्याची सही सोडली तर तिच्या जवळ जाते ती विशेष विवाह कायद्याखालची नोटीस. दोघांपैकी एकाने जिथे निदान तीस दिवस वास्तव्य केले आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याला ती द्यायची, ती तीस दिवस सर्वांना दिसेल अशी लावली जाते, मग तीन साक्षीदारांसमोर विवाह. इथे मात्र नोंदवहीच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्याने थांबले पाहिजे. जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न करणाऱ्या मुलीचे नाव-पत्ता महिनाभर भिंतीवर लावणे म्हणजे तिला शोधणाऱ्यांना वाट दाखवणे आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशी जाहिरात जोडप्याच्या इच्छेवर सोडली, आणि ते मला योग्य वाटते. लग्नानंतरची नोंद बाईचे रक्षण करते. लग्नाआधीची जाहीर नोटीस पुष्कळदा तिला धोक्यात घालते. आंतरजातीय विवाहाला राज्य सरकार पन्नास हजारांचे साहाय्य देते आणि त्यासाठी नोंदणीचे प्रमाणपत्र मागते, तेव्हा तिथे पोचण्याची वाटही सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्याच सरकारवर येते.

सर्वांत अवघड आक्षेप बालविवाहाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे आढळले, आणि मराठवाड्यात बीड, परभणीसारख्या जिल्ह्यांत तो आकडा चाळीसच्या वर होता. भूम, परंडा, कळंब, वाशी या तालुक्यांतून ऊसतोडीला कोयता जातो. सहा महिने आई-बाप फडावर असताना मुलीला मागे कोणाकडे ठेवायचे, या काळजीतून लग्ने उरकली जातात. कायद्याने गावातला विवाह निबंधक आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ही दोन्ही कामे ग्रामसेवकाच्याच हाती दिली आहेत. ज्याच्या पुढे नोंद करायची, तोच लग्न रोखणार. साहजिकच मुलगी सोळाची असेल तर घर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नाही, आणि मुलगी अठराची झाल्यावर मागची तारीख बदलून अर्ज येतो किंवा येतच नाही. म्हणजे ज्या मुलीला कागदाची गरज सर्वांत जास्त, तीच वहीबाहेर राहते. हे खरे आहे, आणि कायद्याच्या समर्थकांनी ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण उपाय नोंदणी सैल करण्यात नाही. गावात मांडव पडला आणि नव्वद दिवसांत ज्ञापन आले नाही, तर ती कोरी ओळच निबंधकाने चौकशीला पुरेशी मानली पाहिजे. शाळेतून मध्येच नाव कमी झालेल्या मुलींची यादी शेजारी ठेवली तर ती ओळ आणखी बोलकी होते. शारदा कायद्याच्या काळी हद्द ओलांडून वय लपवता येत होते, कारण पलीकडे वही नव्हती. आज वही दोन्हीकडे आहे, ती एकमेकींशी ताडून पाहणारे कोणी हवे.

राहिला प्रश्न शोधणाऱ्याचा. आज कोणाला आपल्या आईच्या किंवा आजीच्या लग्नाची नोंद हवी असेल तर तीन गावे पाहावी लागतात, वराचे, वधूचे आणि मंगल कार्यालयाचे. शहरात लागलेले लग्न नगरपरिषदेत, विशेष विवाह कायद्याखालचे लग्न नोंदणी विभागातल्या विवाह अधिकाऱ्याकडे. विवाह नोंदणीचा दाखला ही लोकसेवा हक्काखालची सेवा आहे, त्यामुळे मुदतीत उत्तर मागता येते. १९९८ चा कायदा १९९९ मध्ये अमलात येण्यापूर्वीच्या लग्नासाठी मात्र बहुतेकांना लग्नपत्रिका, रेशनकार्ड, मतदारयादी आणि कुठे असेल तर याद, यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते. निकाह असेल तर काझीच्या घराण्याकडची वही आधी पाहावी. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या असतात, त्यांत घराण्यातल्या सुनांची नावेही कधी कधी सापडतात. ग्रामपंचायतींच्या १९९९ नंतरच्या वह्या आता पाव शतकाच्या झाल्या आहेत. ओल आणि वाळवी लागण्याआधी त्यांच्या प्रती जिल्हा पातळीवर एकत्र करायला हव्यात. आणि त्यांची सूची करताना वराच्या आडनावावर थांबू नये. वधूच्या माहेरच्या नावाने, तिच्या बापाच्या आणि गावाच्या नावाने दुसरी सूची हवी, कारण फेरफारासाठी, माहेरच्या वारशासाठी आणि वंशावळीसाठी तहसिलात येणारी बाई तिथे उभी राहून सगळ्यांत आधी तेच नाव सांगते.